पेटीवाल्या बाईंना विचारा : ऑर्गनच्या नळ्यांचं वजन करू का?

प्रश्न : बाई, सलाम. आमचं चर्च सोलापुरातलं, शंभरी कधीच ओलांडलेलं. वेदीच्या डाव्या हाताला एक मोठा ऑर्गन आहे, समोर सोनेरी नळ्यांची रांग. गेली बावीस वर्षं तो वाजलेला नाही. आता छताचं काम काढायचं आहे आणि हातात पैसा कमी. अशात एका गृहस्थांनी ‘नळ्यांचं वजन करा, रोख देतो’ असा निरोप धाडला. तरुण मंडळी म्हणतात, कीबोर्ड आहे की, ही अडगळ कशाला? काही जुनी माणसं म्हणतात, नळ्या नुसत्या शोभेच्या, आत पायाने भाता मारायची साधी पायपेटी आहे. खरं काय? दुरुस्त होईल का? विकला तर काय येईल? — एक पंच, सोलापूर

उत्तर : पंचसाहेब, सलाम. या पत्राला घरात बसून उत्तर देता येईना, म्हणून पाळकसाहेबांना फोन केला आणि मी आणि माझा भाचा एका मंगळवारी सकाळी सातला तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्ही गावाला गेला होतात. सातची वेळ मुद्दाम घेतली. एप्रिलमध्ये सोलापुरात दहानंतर बंद चर्चमध्ये, त्यातून लाकडी पेटाऱ्याच्या पोटात शिरायचं म्हणजे भट्टीत शिरायचं.

आधी वाद मिटवते. समोरच्या सोनेरी नळ्या शोभेच्या आहेत असं म्हणणारे बरोबर आहेत. जस्ताचा पत्रा, वर रंग. भाच्याने एक उचलून पाहिली तर खालच्या टोकाचं भोकच बुजवलेलं. तिच्यात आयुष्यात कधी वारा गेलेला नाही. पण म्हणून आत पायपेटी आहे असं म्हणणारे चुकले. इथे फसगत दोन्ही बाजूंनी होते. अमेरिकेतले कारखानदार साध्या पायपेटीच्या डोक्यावर मुक्या नळ्यांचा मुकुट चढवून विकायचे, आणि खऱ्या नळ्यांच्या ऑर्गनलाही पुष्कळदा दर्शनी रांग मुकीच ठेवायचे. तेव्हा समोर बघून काही कळत नाही. बाजूची फळी काढावी लागते.

तुमची उजवीकडची फळी दोन खुंट्यांवर नुसती टेकलेली आहे, उचलली की हातात येते. बॅटरी मारली आणि भाचा ‘आई गं’ म्हणून गप्पच झाला. ओळीने नळ्याच नळ्या. मनगटाएवढ्या, बोटाएवढ्या, पेन्सिलीएवढ्या. मागे भिंतीला लाकडी चौकोनी, माझ्या खांद्याला लागतील अशा. आणि सगळ्यांवर बोटभर धूळ. तेवढ्यात तुमचे वॉचमनदादा आले, ‘काय करूलालाव बाई आत?’ म्हटलं, दादा, मोजतेय.

मोजल्या. बोटांखालच्या पट्ट्या ५६. बाहेर ओढायचे खुंट चार, एका खुंटाला नळ्यांची एक रांग. त्यांच्या चकत्यांवर इंग्रजीत लिहिलंय : ओपन डायपेसन ८, स्टॉप्ड डायपेसन ८, डल्सियाना ८, प्रिन्सिपल ४. हे आकडे फुटांचे. ८ म्हणजे त्या रांगेतली सगळ्यात खालच्या पट्टीची उघडी नळी आठ फूट लांब. ४ म्हणजे तीच चार फूट, म्हणून सूर एक सप्तक वर. ‘स्टॉप्ड’ म्हणजे डोक्याला बूच. बूच मारलं की चार फुटांची नळी आठ फुटांचा सूर देते. निम्म्या लाकडात पूर्ण खर्ज. ही युक्ती कुणातरी काटकसरी माणसाची असणार, असं मला नेहमी वाटतं. तुमचा ऑर्गन बनवणाऱ्याने ती पुरेपूर वापरलीय. ओपन डायपेसन आणि डल्सियाना यांच्या खालच्या बारा-बारा नळ्या त्याने केल्याच नाहीत, ते सप्तक बूचवाल्या लाकडी नळ्यांकडून उसनं घेतलं. म्हणजे हिशेब ४४, ५६, ४४, ५६, एकूण २००. आम्हाला सापडल्या १९७. एक नंतर रविवारच्या शाळेच्या कपाटात मिळाली, पोरं शिट्टी म्हणून फुंकत होती. म्हणजे दोनच गेल्या. बावीस वर्षांत दोन हे मी फार समजत नाही.

तेव्हा हा खराखुरा नळ्यांचा ऑर्गन आहे. लहान, पण सगळे अवयव जागेवर असलेला.

मग भात्याकडे वळलो. या वाद्याचा जीव भात्यात असतो. वाऱ्याचा दाब मोजायला कुठलं यंत्र लागत नाही, गवंडी पाणसळ बघायला वापरतो ती पारदर्शक नळी पुरते. इंग्रजी ‘यू’सारखी वाकवायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक एखादी नळी उपसून तिच्या भोकात घट्ट बसवायचं आणि पट्टी दाबायची. दोन बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक पडेल तो दाब. अशा ऑर्गनला तीन इंचांच्या आसपास लागतो. भाच्याने मागचा दांडा घाम येईपर्यंत वरखाली केला. पाणी इंचभर चढलं आणि बसलं. मग आम्ही अगरबत्ती पेटवली आणि भात्याच्या घडीघडीवरून फिरवली. धूर सात ठिकाणी थरथरला. कातडं घडीवर तडकलंय. शिवाय भात्यावर बिडाची चार वजनं हवीत, आहेत दोन. तिसरं तुमच्या मागच्या दाराला टेकू म्हणून लावलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. चौथं तुम्ही शोधा.

तरी पण पंचसाहेब, त्या इंचभर वाऱ्यावरही चार सूर बोलले. बूचवाल्या लाकडी नळ्यांतले, मधल्या सप्तकातले. बासरीपेक्षा जाड, शंखापेक्षा मऊ. एक पट्टी दाबली की शेजारचा सूरही बारीक कण्हायचा. ते भूतबीत नाही. नळ्या ज्या फळीवर उभ्या असतात ती उन्हाने तडकली की वारा शेजारच्या घरात झिरपतो, एवढंच.

आता करायचं काय. पहिलं काम ऑर्गनचं नाहीच, छताचंच आहे. छत गळत असताना आत एक रुपया घालू नका. काम चालू असेल तेव्हा वर ताडपत्री ताणा, ऑर्गनपासून दोन हात उंच. ऑर्गनच्या अंगावर मात्र आपली सोलापुरी सुती चादर. प्लॅस्टिक थेट गुंडाळलं तर आत दमट हवा कोंडते आणि कातडं कुजतं. खालची फरशी ठोकून बघा, वाळवी तिथूनच वर येते.

छत झालं की भात्याला नवं कातडं. पातळ, मऊ कमावलेलं मेंढीचं. बुटाच्या दुकानातलं जाडजूड आणाल तर भाता उघडणारच नाही. चिकटवायला सरस, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवलेला. पांढरा डिंक लावायचा मोह होईल, कारण डबा प्रत्येक सुताराकडे असतो. लावू नका. पन्नास वर्षांनी कुणाला भाता उघडायचा झाला तर सरस ओल्या गरम फडक्याने सुटतो, तो पांढरा पदार्थ लाकूड घेऊनच निघतो. मी एका पायपेटीवर हा प्रकार केलाय, तरुणपणी, घाईत. ती पेटी अजून माझ्या माळ्यावर आहे, मला लाजवायला.

नळ्यांना उघड्या हाताने हात लावू नका. हाताच्या उबेने सूर चढतो, घामाने धातू डागाळतो. काही नळ्यांच्या पायाशी पांढरी भुकटी दिसली. ती पिठासारखी फुंकू नका. या नळ्या कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाच्या असतात. ती भुकटी गंजलेल्या शिशाची, पोटात गेली तर विषच. तोंडाला फडकं, हाताला मोजे, आणि काम झाल्यावर साबणाने हात. लाकडातून निघणारी आंबट वाफ शिशाला खाते, म्हणून ‘संरक्षणासाठी’ नव्या प्लायवुडचं कपाट करून त्यात ऑर्गन कोंडायचा बेत कुणी मांडला तर तिथेच थांबवा. हा बेत प्रत्येक कमिटीत कुणीतरी मांडतोच.

वजनाचं बोलते. तो गृहस्थ खुळा नाही. कथील शिशापेक्षा कितीतरी महाग आहे, आणि तुमच्या लक्षात येण्याआधी त्याच्या लक्षात आलंय. पहिल्या महायुद्धात जर्मनीने १९१७ साली चर्चांच्या ऑर्गनच्या दर्शनी नळ्या कथिलासाठी सरकारजमा केल्या होत्या. तिथं निदान युद्ध होतं. तुमचा ऑर्गन वजनावर गेला तर लाकूड जळणात जाईल, नळ्या वितळतील आणि त्या पैशात छताचा एखादा कोपरा होईल. मी तुमच्या जागी असते तर नाही म्हणाले असते, पण मी तुमच्या जागी नाही. चर्चचा हिशेब तुम्हाला द्यायचा आहे, हे मला कळतं. विकायचाच झाला तर अख्खा विका, वाजवणाऱ्याला विका.

‘आपल्या उन्हात हे वाद्य टिकायचंच नाही’ असं सभेत कुणी म्हटलं तर फिलिपिन्समधल्या लास पिन्यासचं उदाहरण द्या. तिथे दिएगो सेरा नावाच्या एका धर्मगुरूने १८१६ ते १८२४ या काळात ऑर्गन बांधला. १,०३१ नळ्या, त्यांतल्या ९०२ चक्क बांबूच्या. किडीपासून वाचावेत म्हणून बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप, वादळं, गळकं छप्पर, सगळं झालं. शेवटी १९७३ मध्ये तो जर्मनीत बॉनला दुरुस्तीला नेला आणि १९७५ मध्ये परत आणला. आजही वाजतो. आपल्याकडेही शिमल्याच्या क्राइस्ट चर्चमध्ये १८९९ सालचा ऑर्गन आहे, कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये लंडनच्या विलिस कारखान्याचा आहे. तुमचा त्यांच्यापुढे नातवंडाएवढा. पण नातवंडाला कुणी भंगारात देत नाही.

भाता आम्ही दोघं करून देऊ. कातड्याचे आणि सरसाचे पैसे तुमचे, मजुरी नको. नळ्या सुरात आणायचं काम मात्र माझं नाही. मी पेट्यांची दुरुस्ती करणारी. त्याला त्यातलाच माणूस हवा. तो येईपर्यंत कुणाही हौशी माणसाला नळ्यांच्या तोंडाशी चिमटा घेऊन जाऊ देऊ नका.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. आजोबा म्हणतात, बालगंधर्वांच्या नाटकात ऑर्गन असायचा. आई म्हणते, चर्चमध्ये ऑर्गन असतो. आमच्या क्लासमध्ये हार्मोनियम आहे. तिन्ही एकच का? — जुळे सोलापूर

उत्तर : बाळा, एक रिकामी बाटली घे आणि तिच्या तोंडाच्या कडेवर आडवी फुंकर मार. हूऽ असा आवाज येईल. आता बाटलीत थोडं पाणी घालून परत फुंक. सूर वर चढेल, कारण आतली हवेची उंची कमी झाली. चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनमध्ये हेच होतं. नळीत हलणारं काहीच नसतं, नुसती हवा थरथरते. प्रत्येक सुराला वेगळी नळी, प्रत्येक आवाजाला नळ्यांची वेगळी रांग. अमेरिकेत अटलांटिक सिटीला एका सभागृहात तेहतीस हजारांहून जास्त नळ्यांचा ऑर्गन आहे. आणि पहिला ऑर्गन आपण समजतो त्याहून फार जुना : इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, क्टेसिबिओस नावाच्या कारागिराने केलेला. तो वाऱ्याचा दाब पाण्याने सांभाळत असे. तेव्हा चर्च नावाची गोष्टच नव्हती.

तुझ्या हार्मोनियममध्ये नळ्या नाहीत, पितळेच्या बारीक जिभा आहेत. आम्ही त्यांना सरळ ‘सूर’च म्हणतो, गुजरातेत पालिताण्याला बनतात ते नावाजलेले. हवा गेली की जीभ थरथरते. पॅरिसच्या दबें नावाच्या वाद्यकाराने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ती पायाने भाता मारायची, टेबलाएवढी पेटी होती. हाताने भाता मारून मांडी घालून वाजवायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी रूढ केली.

आजोबांचा ऑर्गन या दोघांच्या मधला. दिसायला चर्चसारखा, पायाने चालणारा, पण आत जिभाच. गंमत म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या या ऑर्गनमध्ये भाता हवा बाहेर ढकलत नाही, आत ओढतो, म्हणून आवाज गोल येतो. अमेरिकेत ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कारखान्याने असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन केले. मिशनरी घडीचे ऑर्गन पेटाऱ्यासारखे घेऊन हिंडत, आणि नाटक कंपन्यांनी याच जातीचा ऑर्गन रंगमंचापुढे मांडला. बालगंधर्वांना ऑर्गनची साथ हरिभाऊ देशपांडे करत. आजोबांना हे नाव सांग, खूश होतील.

प्रश्न : मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात असते. आमच्या चर्चमध्ये चालू स्थितीतला ऑर्गन आहे. नाताळात कीबोर्ड आणि ऑर्गन छान जुळतात. गेल्या मे महिन्यातल्या एका लग्नात मात्र दोघं एकत्र वाजले आणि पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. ऑर्गन सुरात नाही म्हणून सगळे मला बोलले. — एक वादक

उत्तर : ऑर्गन निर्दोष, कीबोर्डही निर्दोष, ऊन दोषी. हवा तापली की तिच्यातून आवाज जलद धावतो आणि नळीचा सूर चढतो. आमच्या सोलापूरचा हिशेब घ्या : डिसेंबरात चर्चच्या आत २० अंश असताना जी नळी सेकंदाला ४४० कंपनांवर लावली, ती मे महिन्यात ३८ अंशांना ४५३ च्या आसपास बोलेल. पांढरी आणि तिच्या शेजारची काळी यांच्यातल्या अंतराच्या जवळजवळ निम्मं. कान फाटायला पुरेसं. तुमच्या पुण्यात थोडं कमी होईल, पण होईल. उपाय सोपा आहे. कीबोर्डमध्ये सूर बारीक वरखाली करायची सोय असते. लग्नाआधी ऑर्गनचा एक सूर धरा आणि कीबोर्ड त्याला लावा. उलटं करू नका. दर मोसमाला नळ्या ठोकून वरखाली केल्या तर त्यांची तोंडं फाटतात. आणि नवरदेवाच्या मामांना सांगा, पुढचं लग्न डिसेंबरात काढा.

प्रश्न : गेल्या दोन अंकांत तुम्ही चर्चच्या वाद्यांवर पानं खर्च करत आहात. हे साहेबाचं वाद्य. त्याच्याशी आपला काय संबंध? आपले टाळ-मृदंग धूळ खात पडलेत, त्यांचं लिहा. — अक्कलकोट रोड

उत्तर : टाळाला दुरुस्ती लागत नाही हो, म्हणून त्याची पत्रं येत नाहीत. मृदंगाचं पत्र आलं तर जरूर लिहीन.

बाकी साहेबाच्या वाद्याचं म्हणाल तर पेटीवरही हाच आरोप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सुटली नाही. तोवर आपल्याकडे गावोगावच्या भजनी मंडळांनी तीच पेटी इतकी आपली केली होती की आज तुम्ही तिला साहेबाची म्हणणारही नाही. आणि नळ्यांचा ऑर्गन साहेबाशीच जोडायचा असेल तर टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आठवा. गोऱ्या शिपायाच्या नरड्याला लागलेला, पोटात छोटा नळ्यांचा ऑर्गन असलेला. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

एक मात्र तुमच्या बाजूने कबूल करते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी उपासनेला अभंग आणि भजनं दिली, त्यांना ऑर्गन शोभत नाही. चाळीस वर्षं वाजवून सांगते. ऑर्गनला मींड घेता येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. सूर एक तर असतो, नाही तर नसतो. अभंगाला पेटी, तबला, झांज. ऑर्गन इंग्रजी चालीच्या गीतांना, आणि उपासना सुरू होण्याआधीच्या त्या दहा मिनिटांना, जेव्हा मंडळी चपला काढून, पदर सावरून बसत असतात.

आणखी एक. तुम्ही अक्कलकोट रोडचे म्हणजे आजूबाजूला यंत्रमाग असणारच. एखाद्या जेकार्डवाल्याला, म्हणजे भोकांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्याला, ऑर्गनच्या पोटात नेऊन बघा. जेकार्डच्या पुठ्ठ्यात भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही. ऑर्गनचा खुंट ओढला की आत भोकं पाडलेली लाकडी पट्टी सरकते; भोक नळीच्या पायाखाली आलं तर वारा जातो, नाही आलं तर नळी मुकी. बोटांखालच्या पट्टीपासून झडपेपर्यंत लाकडाच्या बारीक काड्या जोडलेल्या, कुठे तार, कुठे कातड्याची चकती. परवा भाच्याला एक अडकलेली काडी सुटेना, तेव्हा शेजारी साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या एका काकांना बोलावलं. त्यांनी ऑर्गन जन्मात पाहिला नव्हता. दोन मिनिटं बघितलं, बोट घातलं आणि सोडवली. म्हणाले, ‘ह्यो तर आपलाच की.’

प्रश्न : बाई, वर ज्यांनी पत्र लिहिलंय त्या पंचांचा मी मुलगा, कॉलेजात आहे. बाबांनी तुम्ही आल्याचं सांगितलं. भात्याला इलेक्ट्रिक मोटर बसवली तर दांडा मारायला माणूस लागणार नाही ना? तो दांडा काढूनच टाकू का?

उत्तर : मोटर बसव, पुढच्या वर्षी. दांडा काढू नकोस. सोलापुरात राहतोस आणि वीज जाणार नाही असं धरून चालतोस?

माझे वडील मिलमध्ये रात्रपाळीला होते. शनिवारी रात्री साच्यावर उभं राहायचं, रविवारी सकाळी भोंगा झाल्यावर घरी यायचं, अंघोळ करून कपडे बदलायचे आणि आमच्या चर्चच्या ऑर्गनमागे दांड्यावर उभं राहायचं. मी त्यांच्याबरोबर जायची. ऑर्गनमागे चार फूट बाय दोन फुटांची जागा, तिथे बसायला एक उपडी बादली. भिंतीवर दोऱ्याला शिशाचा एक गोळा लोंबत असे. भाता भरला की गोळा खाली यायचा, रिकामा होऊ लागला की वर चढायचा. भिंतीवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. त्या दोन रेघांच्या मध्ये गोळा ठेवायचा एवढंच वडिलांचं काम. वादकाला ते दिसायचे नाहीत आणि त्यांना वादक. एकदा लांबलेल्या प्रार्थनेत त्यांचा डोळा लागला आणि शेवटच्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला ऑर्गन म्हाताऱ्यासारखा कण्हत कण्हत खाली बसला. सगळी मंडळी हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. वडिलांनी त्या दिवसापासून प्रत्येक गीतामागे भिंतीवर एक बारीक रेघ ओढायला सुरुवात केली, जागं राहायला. पाच झाल्या की आडवी. ते वारले तेव्हा भिंतीचा तो कोपरा कंबरेपासून डोक्यापर्यंत भरला होता. पुढे रंगकामात गेला.

तुमच्याकडेही दांड्याच्या उजव्या बाजूला, चुन्याच्या पापुद्र्याखाली तसलं काहीतरी आहे. मी नखाने थोडं खरवडून बघितलं. नावं आहेत, काही मोडी लिपीत वाटतात. छतवाल्यांना सांग, तो कोपरा रंगवू नका. मोबाइलवर फोटो काढून ठेव, आणि दोऱ्याचा गोळा हरवलाय तो मासे पकडायच्या दुकानातून शिशाचं वजन आणून बांध.

कातडं या आठवड्यात येतंय, लावायचं मात्र छत झाल्यावरच. शनिवारी सकाळी सातला ये, भाच्याला दोन हात जास्तीचे हवेत. पूर्ण बाहीचा शर्ट घाल, आत खिळे आहेत.